जिल्ह्याएवढा मिनीबार

आयटीत पहिल्यांदा क्लायंट व्हिजिटला निघालेल्या पोराला टीममधले सिनियर लोक तीन गोष्टी हमखास सांगतात. टॅक्सीची पावती फेकू नकोस, लॅपटॉप चेक-इन बॅगेत टाकू नकोस आणि खोलीतल्या त्या छोट्या फ्रिजला हात लावू नकोस. तिसरी सूचना देताना आवाज जरा खाली येतो, वाड्यातल्या बंद खोलीबद्दल बोलावं तसा. मला वाटायचं, काय एवढं? फ्रिजच तर आहे. मग हैदराबादच्या एका हॉटेलात त्या फ्रिजवरचं रेट कार्ड वाचलं. मूठभर काजूचं पाकीट ४०० रुपये. बाहेर चाळीसला मिळणारं कोल्ड्रिंक २२५. ३३० मिलीची बिअर ६५०, आणि खाली बारीक अक्षरात 'टॅक्सेस एक्स्ट्रा'.

गंमत अशी की त्या खोलीचे रात्रीचे आठ हजार कंपनीने डोळ्यांची पापणी न हलवता भरले होते. काजूचे चारशे मात्र 'पर्सनल' सदरात जातात आणि पगारातून कापले जातात. म्हणजे हा भाव कंपनीसाठी नसतोच, तो तुमच्या-माझ्यासाठी असतो. ज्यांची बिलं कुणीच तपासत नाही असे साहेब लोक बहुधा ते काजू खात असावेत.

आमच्या एका मित्राने यावर उपाय शोधला होता. रात्री फ्रिजातली बिअर प्यायची आणि सकाळी बाहेरून तीच आणून जागेवर ठेवायची. लॉजिक बरोबर, इम्प्लिमेंटेशन फसलं. शहरातल्या सगळ्या दुकानांत ६५० मिलीच्या बाटल्या, आणि फ्रिजात होती ३३० ची. बिचारा ऑफिसच्या कॅबमधून तीन दुकानं फिरला. शेवटी साडेसहाशे अधिक टॅक्स भरले, वर कॅबवाल्याची बोलणी खाल्ली ती वेगळीच.

असो. या फ्रिजाचा इतिहास शोधला तर तो फार जुना नाही. १९७४ मध्ये हाँगकाँगच्या हिल्टन हॉटेलने आपल्या खोल्यांमध्ये दारूने भरलेले छोटे फ्रिज बसवले आणि खोल्यांमधली दारूविक्री कैक पटींनी वाढली. कल्पना साधी होती. माणूस रात्री अकराला दमून खोलीत येतो. कपडे बदललेले असतात, खाली जायचा कंटाळा असतो, फोन करून कुणाला बोलावणं नको वाटतं. अशा वेळी हाताच्या अंतरावर थंड बाटली असेल तर तो किंमत विचारत नाही. पुढे जगभर सगळ्यांनी ती उचलली.

पण हॉटेलवाल्यांचीही एक बाजू आहे, ती ऐकून घ्यायला हवी. प्रत्येक खोलीतला फ्रिज रोज एका माणसाने उघडून मोजावा लागतो. बाटल्या-पाकिटांच्या तारखा उलटतात. काही पाहुणे व्होडका पिऊन बाटलीत नळाचं पाणी भरून ठेवतात (झाकण इतकं नीट लावतात की पुढच्या पाहुण्याला घोट घेईपर्यंत पत्ता लागत नाही). आणि बहुतेक लोक मुळात तो फ्रिज उघडतच नाहीत. त्यामुळे परदेशात बऱ्याच हॉटेलांनी आता नुसता रिकामा फ्रिज ठेवायला सुरुवात केली आहे, आणा आणि ठेवा तुमचं तुम्ही. याउलट काहींनी सेन्सर बसवले. बाटली जागेवरून उचलली की थोड्या वेळात बिलात एंट्री. आमच्याच धंद्यातल्या कुणीतरी लिहिलेलं असणार ते. किंमत वाचायला बाटली उचलणारा माणूस हा युजकेस टेस्टिंगमध्ये कुणाला कसा सुचला नाही, देव जाणे!

आता तुम्ही म्हणाल, एमआरपी नावाचा काही प्रकार आहे की नाही? आहे. दुकानदाराने छापील किमतीवर एक रुपया जास्त घेतला तर वैधमापन खात्याकडे तक्रार करता येते. पण हॉटेलांचं प्रकरण वर्षानुवर्षं कोर्टात चाललं आणि १२ डिसेंबर २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या न्या. रोहिंटन नरीमन यांच्या खंडपीठाने सांगितलं की हॉटेल-रेस्टॉरंटांना बाटलीबंद पाणी एमआरपीपेक्षा जास्त भावाने विकता येईल. थोडक्यात तर्क असा, की तिथे माणूस नुसतं पाणी विकत घ्यायला जात नाही. बसायची जागा, वाढणारा माणूस, वातावरण हे सगळं मिळून तो पैसे देतो.

रेस्टॉरंटपुरतं मला हे पटतं. टेबल त्यांचं, एसी त्यांचा, ग्लास धुणारा पोरगा त्यांचा. पण खोलीतल्या फ्रिजला हा तर्क कसा लागू होतो ते सांगा. जागेचे आठ हजार मी आधीच दिलेत. वाढायला कुणी येत नाही, फ्रिजचं दार मी उघडतो, झाकण मी काढतो, ग्लास मी विसळतो. वातावरण म्हणावं तर मी बनियनवर बसलोय आणि टीव्हीवर टेलिशॉपिंग चालू आहे. मग त्या २२५ रुपयांत नेमकी सेवा कोणती?

२०१९ च्या जुलैत अभिनेता राहुल बोसला चंदीगडच्या एका पंचतारांकित हॉटेलात दोन केळ्यांचं ४४२ रुपये ५० पैसे बिल आलं, ते आठवत असेल. देशभर हसू झालं. हॉटेलला २५ हजारांचा दंडही झाला. पण दंड कशाचा? ताज्या फळांवर जीएसटी नसतो आणि त्यांनी तो लावला, याचा! केळ्याच्या भावाबद्दल कुणी काही म्हटलं नाही, कारण म्हणण्यासारखं कायद्यात काही नाहीच.

माझ्या मते मिनीबारमध्ये विकलं जातं ते खोलीचं बंद दार. खाली दुकान आहे, पण तिथपर्यंत जाणं नको, यावर सगळा भाव ठरतो. मल्टिप्लेक्सचा पॉपकॉर्न, एअरपोर्टवरचा सामोसा, सगळे याच घराण्यातले. अडला हरी, दुसरं काय! आणि अडल्या हरीचा भाव काय असतो हे मी असली हॉटेलं पाहायच्या कितीतरी आधी गावाकडे पाहिलंय. तेही फ्रिजापुरतं नाही, अख्ख्या जिल्ह्यात.

माझं गाव भद्रावती, जिल्हा चंद्रपूर. ऑर्डनन्स फॅक्टरी, कोळशाच्या खाणी, पार्श्वनाथाचं जैन मंदिर आणि विजासनची बौद्ध लेणी. सांगायची तऱ्हा अशी की ताडोबाला जाताना लागतं. १ एप्रिल २०१५ ला आमच्या जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. मी तेव्हा नुकताच बारावीतून सुटलो होतो. म्हणजे माझं इंजिनिअरिंग, पहिली नोकरी, एकविसावं वर्ष (महाराष्ट्रात बिअर प्यायचं कायदेशीर वय, त्याखाली नाही) हे सगळं बंदीच्या काळात झालं. २०२१ च्या मे महिन्यात मंत्रिमंडळाने बंदी उठवली आणि जुलैत दुकानं उघडली. सहा वर्षं.

या सहा वर्षांचा नकाशा डोळ्यासमोर आणा. पूर्वेला गडचिरोली, तिथे १९९३ पासून बंदी. वायव्येला वर्धा, तिथे गांधीजींचा जिल्हा म्हणून सत्तरच्या दशकापासून बंदी. नागपूरला जायचं तर वरोऱ्यानंतर जाम, म्हणजे वर्धा जिल्हा, तेही कोरडंच. पश्चिमेला मात्र वर्धा नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा आणि वणी. दक्षिणेला तेलंगणा. म्हणजे दारं दोन-तीनच, आणि त्या दारांतून आत येणाऱ्या बाटलीचा भाव आणणारा ठरवणार. पव्वा कधी दुपटीत, सणासुदीला तिपटीत. आमच्या शेजारचे खाणीतले काका फार मार्मिक बोलायचे. "पहिले दुकानात जा लागे बापू. आता फोन लावला का पोट्टा घरीच आणून देते. पैसे तेवढे डबल घेते." यालाच हॉटेलात रूम सर्व्हिस म्हणतात. एमआरपी छापलेली, पण वाचून उपयोग नाही. तक्रार कुणाकडे करणार?

हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नव्हती ती. २०१८ च्या नोव्हेंबरात नागभीड तालुक्यात दारूची गाडी अडवायला गेलेले पोलीस उपनिरीक्षक छत्रपती चिडे यांना त्या गाडीने चिरडून मारलं. दुप्पट भावात कितीजणांचे हात गुंतलेले असतात, ते अशा वेळी दिसतं.

आणि बंदी काही उगाच कुणाच्या डोक्यातून आली नव्हती, हेही इथेच सांगायला हवं. नाहीतर माझा लेख पुण्यात बसून गावाला अक्कल शिकवणारा होईल. २०१० च्या डिसेंबरात पारोमिता गोस्वामींच्या श्रमिक एल्गारसोबत आमच्या जिल्ह्यातल्या बाया चिमूरहून नागपूरपर्यंत विधानभवनावर पायी चालत गेल्या होत्या. थंडीत. पगाराच्या दिवशी नवरा घरी येईपर्यंत पाकिटात काय उरतं, हा त्यांचा प्रश्न होता. ज्या घरात हा प्रश्न असतो तिथे 'व्यक्तिस्वातंत्र्य' वगैरे शब्द ऐकायला कुणाला वेळ नसतो. काही घरांत बंदीने खरंच फरक पडला, माझ्या ओळखीची अशी दोन घरं आहेत. पण ज्यांची सुटली नाही, त्यांच्या घरातून तोच पगार दुप्पट वेगाने गेला. बायांनी पैसे वाचवायला कुलूप मागितलं आणि किल्ली गेली भाव ठरवणाऱ्याच्या हातात. म्हणून मी बंदीच्या विरोधात आहे. बायांच्या विरोधात नाही, हे दोन वेगळे मुद्दे आहेत.

बंद दाराआड भावापेक्षा वाईट एक गोष्ट होते. बाटलीत काय आहे ते कळत नाही. बंदी आमच्याकडे आली त्याच वर्षी, जून २०१५ मध्ये, मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसं गेली. मुंबईत तर बंदीही नव्हती. पण ती माणसं जी दारू प्यायची तिच्यावर ना लेबल होतं, ना बनवणाऱ्याचं नाव. हॉटेलातल्या व्होडकात फार तर नळाचं पाणी निघतं.

आता याच्या बरोब्बर उलट टोकाला चला, पुण्यात. इथे मी बिअरच्या एका ग्लासाला साडेतीनशे रुपये देतो. आनंदाने देतो. दुकानातली ६५० मिलीची अख्खी बाटली यापेक्षा कितीतरी स्वस्त पडते. मग मिनीबारच्या नावाने गळा काढणारा मी इथे खिसा का मोकळा करतो? या प्रश्नावर मी मागच्या दोन-तीन वीकेंडला बराच विचार केलाय (अर्थात ग्लास समोर ठेवून :-) ).

२००९ मध्ये पुण्यात डूलाली सुरू झालं, महाराष्ट्रातल्या मायक्रोब्रुअऱ्यांची सुरुवात तिथून धरतात. त्याआधी आपल्याकडे बिअर म्हणजे पिवळी, गार आणि 'स्ट्राँग की माइल्ड' एवढाच प्रश्न. त्यातही बहुसंख्य जनता स्ट्राँगवाली, कारण हिशोब सोपा: किती रुपयांत किती चढते. दुकानातली बिअर गार प्यायची ती चव लागू नये म्हणूनच की काय, अशी मला दाट शंका आहे. मायक्रोब्रुअरीत पहिल्यांदा गहू घातलेली बिअर प्यायलो तेव्हा तिला चक्क केळ्याचा वास होता. वेटरला म्हटलं, यात केळं टाकता का? तो म्हणाला, नाही सर, यीस्टचा वास आहे. घरी येऊन वाचलं. या प्रकारच्या बिअरचं यीस्ट आंबताना आयसोअमाइल अ‍ॅसिटेट नावाचं रसायन तयार करतं आणि पिकलेल्या केळ्यातही तेच असतं. केळं न घालता केळं! राहुल बोसला स्वस्त पडलं असतं.

तर मुद्दा हा, की तिथे सगळं उघडं असतं. काचेपलीकडे टाक्या दिसतात. बनवणारा बऱ्याचदा तिथेच असतो. छोट्या ग्लासात आधी चव देतात, आवडली नाही तर दुसरी. किंमत फळ्यावर खडूने लिहिलेली, मी प्यायच्या आधी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, नाही परवडलं तर उठून चालू लागता येतं, शेजारीच बिअर शॉपी आहे. ताजी बिअर टिकत नाही, छोट्या टाकीचा खर्च मोठ्या कारखान्यासारखा पसरत नाही, हॉप्स बहुतेक परदेशातून येतात, वर एक्साइज. साडेतीनशे कुठे जातात ते विचारलं तर सांगतात. मिनीबारला विचारून बघा.

नाही म्हणायला इथेही नाटकं वाढलीयेत. मेनूवर कवितेसारखी वर्णनं आणि शेजारच्या टेबलावर ग्लास नाकाला लावून डोळे मिटणारा आमच्यातलाच एखादा प्रॉडक्ट मॅनेजर. काही ठिकाणी टाक्या नुसत्या शोभेला वाटाव्यात इतकी पाणचट बिअर. आणि 'क्राफ्ट'चं लेबल लावून मोठं होणंही सोपं नाही. २०१५ मध्ये आलेल्या बिरा ९१ चं उदाहरण घ्या. कंपनीच्या नावातला 'प्रायव्हेट' शब्द काढला, तर राज्याराज्यांत लेबलं नव्याने मंजूर करून घ्यावी लागली, तोपर्यंत विक्री ठप्प आणि तयार माल पडून. एक स्ट्रिंग बदलली आणि प्रॉडक्शन डाऊन! आपल्या देशात दारू बनवणं एक वेळ सोपं, लेबल बदलणं महाकठीण.

पण पुण्यात बसून 'स्थानिक, ताजी, छोट्या प्रमाणात, हाताने बनवलेली' हे शब्द वाचले की मला दरवेळी गावाकडचा मोह आठवतो. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे झाडाखाली फुलांचा सडा पडतो. आमच्याकडच्या बाया अंधारातच टोपल्या घेऊन निघतात, आणि त्या जंगलात अस्वल आहे, वाघ आहे. वेचलेली फुलं वाळवायची, भिजवून आंबवायची, भट्टीवर ऊर्ध्वपातन. वरच्या चार शब्दांपैकी एकही कमी पडत नाही. फरक इतकाच की पुण्यात यासाठी लायसन्स आणि फळा मिळतो आणि गावात पोलीस येऊन मडकी फोडतात. हे आजचं नाही. इंग्रजांनी १८९२ मध्ये ठाणे-कुलाबा भागासाठी खास मोहफुलांचा कायदा केला होता, फुलं बाळगण्यावर बंधनं घालणारा. गावची दारू बंद झाली की सरकारी दुकानाची खपते, हे त्यांना बरोब्बर कळलं होतं. पुन्हा तोच प्रकार: आधी दार बंद करा, मग भाव ठरवा.

गोव्याने काजू फेणीला २००९ मध्ये जीआय मिळवलं आणि २०१६ मध्ये हेरिटेजचा दर्जा दिला. मध्य प्रदेशाने मोहाच्या दारूसाठी हेरिटेज धोरण आणलं. महाराष्ट्र सरकारला द्राक्षांच्या वाईनचं मात्र भारी प्रेम. जानेवारी २०२२ मध्ये ती सुपरमार्केटात विकायचा निर्णयही मंत्रिमंडळाने घेतला होता, मग अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिल्यावर तो बारगळला. नाशिकचा द्राक्षबागाईतदार शेतकरी आणि चिमूरची मोह वेचणारी बाई आरोपी, हे गणित मला कधी कळलेलं नाही. हातभट्टीत नवसागर आणि काय काय टाकतात, हे मला ठाऊक आहे. पण ते बनवणारा लपून बनवतो म्हणून खपतं. तपासणी करा, लायसन्स द्या, बाटलीवर गावाचं नाव आणि किंमत छापा. मी पुण्यात साडेतीनशे देऊन पिईन.

मग त्या चिमूरच्या बायांचं काय, हा प्रश्न राहतोच. त्याला आपल्याकडे एक उत्तर कागदावर आहे, आडवी बाटली. गावातल्या किंवा वॉर्डातल्या बायांनी मागणी केली की मतदान होतं, उभी बाटली की आडवी बाटली. आडवी जिंकली की दुकान बंद. जिल्ह्याला कुलूप ठोकण्यापेक्षा हे मला शंभर पटीने बरं वाटतं. ज्यांच्या घराला त्रास, त्यांच्याच हातात निर्णय, आणि तोही त्यांच्या गल्लीपुरता. पण अट वाचा. मतदानाला आलेल्यांपैकी नव्हे, यादीत नाव असलेल्या एकूण बायांपैकी निम्म्यांहून जास्त मतं आडवीला हवीत. यादीत हजार बाया असतील, सहाशे मतदानाला आल्या आणि त्यातल्या साडेचारशेंनी आडवी बाटली म्हटलं, तरी दुकान चालूच. आमदार याच हिशोबाने निवडायचे ठरवले तर किती मतदारसंघ रिकामे राहतील ते मोजा. आधी ही अट बदला, आलेल्या मतांत बहुमत मोजा, आणि मग मोहाच्या लायसन्सचं बोलू.